कुंडल रोडवरची नोकरभरती

सह्याद्रीला अडलेला पाऊस कडेगाव, विटा, आटपाडीपर्यंत येता येता आटून जातो. ताकारी आणि टेंभू योजनांचं पाणी येण्याआधी या पट्ट्यात नुसत्या शेतीवर घर चालायचं ते एखाद्या चांगल्या वर्षी. एरवी घरातला कर्ता पोरगा बाहेर पडायचा. कुणी मुंबईच्या गिरणीत, कुणी गलाईला. जुने दागिने आणि सोनाराच्या दुकानातली झाडलोटीची धूळ आणायची, भट्टी आणि तेजाब वापरून त्यातलं शुद्ध सोनं-चांदी वेगळं काढायचं, असा हा धंदा. परराज्यातल्या एखाद्या सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत अचानक माणदेशी मराठी कानावर पडते, ती या धंद्यामुळे.

गलाईवाल्याला नोकरभरतीसाठी कधी जाहिरात द्यावी लागली नाही. मुशीत दुसऱ्याचं सोनं वितळत असताना हाताखालचा पोरगा विश्वासाचाच हवा. मग तो भावकीतला, पाहुण्यांतला, निदान गावचा तरी. बाप नाहीतर मामा त्याचा जामीन. कागदोपत्री करार नसला तरी गावात नाव खराब होण्याची धास्ती कराराहून कडक असे. पोरगा आधी झाडलोट करी, मग भट्टी सांभाळी, मग कस ओळखायला शिके. हात बसला की दुसऱ्या शहरात स्वतःची भट्टी टाके आणि गावाकडून नवा पोरगा घेऊन जाई. कामगार टिकवण्याची ही रीत मोठी शहाणपणाची होती, कारण शिकलेला पोरगा कधीतरी जाणार हे मालकाने आधीच धरलेलं असे. पण तिचं दार नात्यापुरतंच उघडं. ज्याला जामीन राहायला कुणी नाही, त्याने कुठे जावं?

त्या माणसासाठी दार उघडलं ते सागरेश्वराच्या डोंगरापलीकडे, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर. कडेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात, इंग्रजी मुलखात होतं. कुंडल मात्र औंध संस्थानात. १९१० च्या मार्चमध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर कारखाना उभारायला या माळावर आले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांना ३२ एकर जमीन आणि बिनव्याजी कर्ज दिलं होतं. जमीन म्हणजे निवडुंग, दगड आणि साप. जमेची बाजू एकच, रेल्वे शेजारून जात होती.

नोकरीत माणूस का टिकत नाही, हे लक्ष्मणरावांनी स्वतः भोगलेलं होतं. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत असत. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला दिली गेली. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. तिथे भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान चालवलं, मग कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर बनवले. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपायलाच दोन वर्षं गेली. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली, तेव्हा त्यांनी हा माळ धरला.

इथे माणसं आणायची कुठून? मुंबईचा तयार फिटर या उजाड जागी येणार नव्हता, आला असता तरी टिकला नसता. लक्ष्मणरावांनी हाताशी धरलेल्या मंडळींची यादी पाहिली तर आजचा कुठलाही निवड अधिकारी बहुतेक अर्ज पहिल्याच चाळणीत बाजूला काढेल. शंभूराव जांभेकरांचं अभियांत्रिकीचं शिक्षण अर्धवट सुटलेलं. ते यंत्रांचे जाणकार झाले. अनंतराव फळणीकर शाळा सोडलेले. त्यांच्यातून कल्पक यंत्रकार घडला. के. के. कुलकर्णी परीक्षेत नापास झालेले. ते व्यवस्थापन, फिरती विक्री, सल्लामसलत असं पडेल ते काम करू लागले. मंगेशराव रेगे कारकून होते, ते मुख्य हिशेबनीस झाले. रामूअण्णांनी सगळ्या वसाहतीची आखणी आणि कारभार अंगावर घेतला. या माणसांना आधी काय येतं यापेक्षा त्यांना काय जमेल, हे लक्ष्मणराव पाहत होते. त्यांचं खरं कसब इथे होतं. नांगराची कीर्ती मोठी, पण या यादीचं मोल मला त्याहून अधिक वाटतं.

माणसं टिकावीत म्हणून आधी राहण्याजोगं गाव हवं होतं. माळावरच्या या नव्या वसाहतीत, किर्लोस्करवाडीत, घरं उभी राहिली, शाळा आली, अस्पृश्यता पाळायची नाही असा दंडक आला. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. कारखान्याचं हे पत्र शंकरराव किर्लोस्करांच्या हाती वाढत वाढत साऱ्या महाराष्ट्राचं मासिक झालं. कुंडल रोड स्टेशनचं नावही पुढे किर्लोस्करवाडी झालं. मालकाच्या गावात राहण्याची दुसरी बाजूही होती. घर कारखान्याचं असलं की नोकरीबरोबर छप्परही जाण्याची भीती असते, आणि नियम ठरवताना कामगाराचा शब्द कितपत चालणार हे मालकाच्या स्वभावावर राहतं. वाडीचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही.

तरीही याच मुलखात माणूस धरून ठेवण्याची दुसरी एक रीत आजतागायत चालत आलेली आहे, तिच्याशेजारी वाडी ठेवून पाहिली की फरक टोचतो. साखर पट्ट्यात ऊसतोडीची टोळी जमते ती उचलीवर. हंगामाआधी मुकादम आगाऊ पैसे देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल फिटेपर्यंत त्या जोडीला फडातून हलता येत नाही. काम शिकवायचं नाही, बढती नाही, पुढच्या वर्षी पुन्हा उचल. मनुष्यबळ विभागाच्या भाषेत इथेही माणसं ‘टिकतात’, पण ती कर्जाने टिकतात. हिला व्यवस्थापन म्हणायला माझं मन तयार नाही.

वाडीतल्या नेमणुकांपैकी सर्वांत धाडसाची होती रात्रीच्या पहाऱ्याची. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग ही त्या दोन पहारेकऱ्यांची नावं. दोघेही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले. इंग्रजी कायदा ज्या काळात जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरवत होता, त्या काळात लक्ष्मणरावांनी कारखाना आणि वस्तीची राखण या दोघांवर सोपवली. एकदा तुरुंग पाहिलेला माणूस सुधारू शकतो, अशी त्यांची श्रद्धा होती. दोघे वाडीचे भरवशाचे राखणदार ठरले. गलाईवाल्याने सोन्यासाठी नात्याचा जामीन मागितला असता. इथे ज्यांना कुणीच जामीन राहिलं नसतं, त्यांच्याच हाती रात्र दिली गेली.

पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस औंध संस्थानानेच आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. भिंती नसलेल्या या वसाहतीत शिक्षा झालेले कैदी बायकामुलांसह राहून शेती करू लागले. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याचा त्या प्रयोगात मोठा वाटा होता. व्ही. शांतारामांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ची प्रेरणा इथलीच. पण त्याच्या कितीतरी वर्षं आधी, त्याच संस्थानात, दोन माजी दरोडेखोर एका कारखान्याच्या पगारपत्रकावर आलेले होते.