खोड, चळ आणि सोवळे

विट्यास माझ्या लहानपणी शेजारच्या घरातील एक तेरा-चौदा वर्षांचा मुलगा बोटांची कातडी रक्त येईतो सोलीत असे. त्याची आई दाराची कडी दिवसातून अनेकवार धुई. आईला ‘चळ’ लागला आहे आणि मुलास ‘खोड’ आहे, असे लोक म्हणत. या दोहोंचा काही संबंध असेल, हे कोणाच्या ध्यानी आले नाही. याचे एक कारण शब्दांतच आहे, असे मला वाटते. चळ लागतो, म्हणजे बाहेरून येतो. खोड ज्याची त्याची असते, आणि ती मोडावयाची असते. त्या मुलाची खोड छडीने मोडू पाहिली गेली. ती मोडली नाही, हे सांगणे नकोच.

वडीलधाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक शब्द आड येतो, तो ‘सोवळे’. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ पासून प्रसिद्ध) या आत्मचरित्रात आजोबांना सत्तावनच्या बंडानंतर झालेली फाशी आणि त्या धक्क्यानंतर वडिलांनी सोवळ्याचा मांडलेला अतिरेक यांची हकीकत आहे. आपण ती हसत वाचतो. सारे घर त्या सोवळ्यापुढे कसे वाकले, हे मात्र निसटते. दिवंगत व्यक्तीचे निदान करणे योग्य नव्हे. परंतु शब्द प्रतिष्ठित असला की प्रश्न विचारला जात नाही, एवढे खास.

वैद्यकातही हीच फारकत होती. एरॅस्मस विल्सन (१८७५) व ब्रोक (१८९८) या त्वचारोगतज्ज्ञांनी स्वतःची त्वचा ओरबाडणाऱ्या रुग्णांची वर्णने केली. मंत्रचळाचा विचार मात्र मनोविकारतज्ज्ञ करीत राहिले. (‘मंत्रचळ’ म्हणजे मूळचा मंत्रसाधना बिघडल्याने होणारा भ्रम, आज तो धुणे-तपासणे यांसारख्या अनिवार कृतींच्या विकाराचे नाव आहे.) अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ साली आपल्या वर्गीकरणात त्वचा ओरबाडणे हा स्वतंत्र विकार मानून मंत्रचळाच्याच प्रकरणात घातला.

मग ‘खाण तशी माती’ म्हणावे काय? अर्धेच. मोन्झानी व सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील जुळ्यांच्या केलेल्या अभ्यासात (२०१४) या साऱ्या विकारांना समाईक असा एक आनुवंशिक घटक दिसला. परंतु केस उपटणे व त्वचा ओरबाडणे यांच्यामागे आणखी एक निराळा घटकही आढळला. तेव्हा मुलाची बोटे म्हणजे आईच्या कडी धुण्याची नक्कल, असे मानणे चूक. दोन्ही सर्वस्वी असंबद्ध, असे मानणेही चूक.

विट्यास आजही अशा मुलाविषयी ‘खोड’ हाच शब्द माझ्या कानी पडतो.