खिडक्यांना काच नसलेली इमारत

१/ भारतातील आधुनिक वास्तुकला म्हटली की चंदीगड आणि ल कॉर्बुझिए आठवतात. परंतु आधुनिक काँक्रीटच्या इमारतीत ऊन कसे अडवावे, याचे उत्तर त्याआधीच फ्रेंच अमलाखालील पाँडिचेरीत मिळाले होते. ती इमारत म्हणजे 'गोलकोंड'. 🧵

२/ श्री अरविंद आश्रमाच्या साधकांसाठी बांधलेले हे निवासस्थान. आराखडा टोकियोत व्यवसाय करणाऱ्या अँटोनिन रेमंड यांचा. प्रत्यक्ष बांधकाम पाहिले फ्रान्टिशेक साम्मर आणि जॉर्ज नाकाशिमा यांनी. काम १९३०च्या दशकात सुरू झाले. देणगी हैदराबादच्या निजाम सरकारकडून आली, म्हणून गोवळकोंड्याचे नाव.

३/ इमारतीच्या लांब बाजू उत्तर-दक्षिण आहेत. त्यांवर खिडक्यांच्या काचांऐवजी अॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या आडव्या, फिरत्या झडपांच्या रांगा आहेत. झडप तिरपी केली की ऊन बाहेर राहते, वारा मात्र आत येतो.

४/ दक्षिणेला झडपा समजतात, उत्तरेला कशासाठी? पाँडिचेरी सुमारे १२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तेथे माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. युरोपातील नियम येथे जसाच्या तसा चालला नसता.

५/ झडपा बाहेर असण्याला महत्त्व आहे. काच सूर्यप्रकाश आत सोडते. पण त्याने तापलेल्या वस्तूंमधून निघणारी उष्णता तिच्यातून सहज बाहेर पडत नाही. आतला पडदा ऊन अडवतो, तोवर ते खोलीत शिरलेले असते. आपल्या जुन्या घरांतील लाकडी झडपा, छज्जे आणि दारावर टांगलेले वाळ्याचे ओले पडदे याच अनुभवातून आले.

६/ अर्थात याची किंमत होती. झडपा दिवसभरात उघडाव्या-मिटाव्या लागतात, धूळ पुसावी लागते, पावसाकडे लक्ष ठेवावे लागते. वातानुकूलन यंत्राने आपल्याला या कष्टांतून सोडवले आणि त्याबरोबर छज्जाही अनावश्यक वाटू लागला.

७/ आज पुण्या-मुंबईत पश्चिमेकडे तोंड केलेल्या काचेच्या भिंती उभ्या राहतात आणि आत आलेली उष्णता बाहेर काढण्यासाठी वीज जाळली जाते. गोलकोंडची रचना या यंत्राविना राहण्यासाठीच झाली होती. आपल्या घरापुरता धडा साधा आहे: बांबूची चिक टांगायची असेल, तर ती खिडकीच्या बाहेरच्या बाजूने टांगा.