महायुद्धातील रिव्हॉल्व्हरचे वय कसे ओळखावे?

महायुद्धात लढलेल्या पूर्वजाचे रिव्हॉल्व्हर घरात असेल, तर त्याचा काळ सांगणाऱ्या खुणा बहुधा त्यावरच ठसवलेल्या असतात.

१९१५ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेल्या ‘वेब्ली मार्क ६’च्या चौकटीवर निर्मितीचे वर्षच आढळते, ‘एनफिल्ड क्रमांक २’वरही तसेच. ‘वेब्ली मार्क ४’वर मात्र सहसा वर्ष नसते. ‘वॉर फिनिश’ हा ठसा दुसऱ्या महायुद्धाचा काळ सुचवतो. वर्षाचा अंदाज अनुक्रमांकावरून बांधावा लागतो. अमेरिकेच्या ‘स्मिथ अँड वेसन’ कंपनीचे अनुक्रमांक १९४२ मध्ये दहा लाखांपर्यंत पोहोचले आणि ‘व्ही’, म्हणजे ‘व्हिक्टरी’, हे अक्षर जोडून नवी मोजणी सुरू झाली. युद्धाच्या अखेरीस सुरक्षा-यंत्रणा सुधारल्यावर त्याचे ‘एसव्ही’ झाले. सिलिंडरवरील क्रमांक चौकटीवरील क्रमांकाशी जुळत नसेल, तर सुटा भाग मागाहून बदललेला असण्याची शक्यता असते.

गंज काढताना हा क्रमांक घासला जाऊ नये. शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ८ नुसार तो पुसणे गुन्हा आहे. क्रमांक नसलेले शस्त्र ज्याच्या ताब्यात सापडते, त्यानेच तो पुसला, असे कायदा गृहीत धरतो. केवळ जुने म्हणून शस्त्राला परवान्यातून सूट मिळत नाही. दुरुस्तीनंतरही चालू शकणार नाही अशाच कालबाह्य शस्त्राला ती लागू होते. परवानाधारकाच्या निधनानंतर शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे. अनुक्रमांकाचा अभ्यास त्यानंतरही करता येतो.