घर तिघांचं, पॉलिसी कुणाची?

परवा घराच्या विम्याचा फॉर्म भरायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. विमेदाराचं नाव. रेघ एकच, आणि घर आमचं तिघांचं! निगडी प्राधिकरणातलं हे छोटेखानी घर आम्ही तिघा मित्रांनी मिळून घेतलं, हे नातेवाइकांना ठाऊक आहेच. (त्यावर तेव्हा कोण काय म्हणालं, तेही आम्हाला ठाऊक आहे.)

सोलापूरचा मित्र फोनवर म्हणाला, "टाक रे तुझंच नाव, आपल्यात काय वेगळं?" ऐकून बरं वाटलं. पण सही करण्याआधी जरा वाचावं म्हटलं, आणि वाचता वाचता इतिहासातच शिरलो.

घराच्या विम्याची सुरुवात एका आगीतून झाली. 1666 साली लंडन जळलं, सुमारे 13 हजार घरं गेली. त्यानंतर निकोलस बारबन नावाच्या माणसाने घरांचा आगीचा विमा उतरवायला सुरुवात केली. पुढे विमा कंपन्या आपापल्या घरांवर धातूच्या पाट्या ठोकत आणि स्वतःचे बंब बाळगत.

आपल्याकडे 1919 मध्ये दोराबजी टाटांनी मुंबईत न्यू इंडिया ही विमा कंपनी काढली. पुढे टाटांचीच टेल्को पिंपरीत आली आणि आमच्यासारख्या हजारोंची पोटं तिच्यावर आणि तिच्या आसपासच्या वर्कशॉपांवर भरली. 1973 च्या 1 जानेवारीपासून शंभराहून जास्त विमा कंपन्या एकत्र करून चार सरकारी कंपन्या झाल्या. 1999 च्या कायद्याने खासगी कंपन्यांना पुन्हा दार उघडलं.

पण या सगळ्यात सामान्य माणसाचं घर कुठे होतं? 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पुण्याच्या पेठा पाण्याखाली गेल्या. ज्यांची घरं पडली त्यांच्यासाठी सरकारला गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती उभाराव्या लागल्या. आमच्या पट्ट्यात तर गंमतच आहे. आकुर्डीत बनलेली चेतक विम्याशिवाय रस्त्यावर आणणं गुन्हा. कारखान्याला कर्ज देताना बँक आधी विमा विचारते. आणि त्याच कारखान्यात तीस वर्षं घासून बांधलेलं घर? ते देवाच्या भरवशावर!

असो. मूळ प्रश्न नावाचा.

1925 सालचा एक खटला इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला होता. मकॉरा नावाच्या आयर्लंडमधल्या जमीनदाराने आपलं लाकूड एका कंपनीला विकलं. कंपनीही जवळजवळ त्याचीच. पण विमा राहिला त्याच्या स्वतःच्या नावावर. लाकूड जळलं आणि त्याला छदामही मिळाला नाही. कारण लाकूड कंपनीचं होतं, त्याचं नव्हतं. विम्याचं तत्त्व साधं आहे: ज्याचं नुकसान, त्यालाच भरपाई. म्हणजे तिघांच्या घराचा विमा मी एकट्याच्या नावावर काढला, तर माझ्या हिश्शापलीकडे मी कशाच्या जोरावर मागणार?

आणि माझा हिस्सा तरी किती?

इथे खरी गोची होती. खरेदीखतात तिघांची नावं आहेत, हिस्से लिहिलेले नाहीत. नाशिकच्या मित्राने वहिनींचे दागिने मोडून जवळजवळ निम्मे पैसे घातले होते. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं 45 वं कलम सांगतं, की ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात त्याचा हिस्सा. पण पुरावाच नसेल तर सगळे समान धरायचे. म्हणजे आम्ही गप्प बसलो, तर नुकसान त्याचं. शिवाय आमच्यापैकी कुणी गेलं, तर त्याचा हिस्सा उरलेल्या मित्रांकडे येत नाही, तो त्याच्या वारसांचा. गेल्या वर्षी सोलापूरच्या मित्राच्या छातीत कळ आली होती, तेव्हा हा विचार तिघांच्याही मनात आला असणार. बोललं मात्र कुणीच नाही. मैत्रीत हिशेब कसा काढायचा!

रविवारी तिघंही बायकांसह बसलो. पहिली दहा मिनिटं अवघड गेली. मग नाशिकच्या वहिनीच म्हणाल्या, "भावजी, लिहून ठेवलं तर आमच्या मुलांचं भांडण होणार नाही. भांडायची तुम्हाला हौस, त्यांना नको." सगळे हसले आणि जुन्या पासबुकांच्या पिशव्या बाहेर निघाल्या. कुणी किती घातले ते कागदावर मांडलं, वकिलांना दाखवून सह्या केल्या.

त्यानंतर विमा म्हणजे अर्ध्या तासाचं काम. 1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकाच साच्याची पॉलिसी आली आहे. तिच्यात जमिनीची किंमत धरत नाहीत, फक्त बांधकामाची. प्राधिकरणातली जमीन तर 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याची, आपलं असतं ते वरचं बांधकामच! समजा 1,000 चौरस फूट चटई क्षेत्र आणि बांधकामाचा दर 2,000 रुपये, तर विमा 20 लाखांचा. घरातल्या सामानाला त्याच्या 20 टक्के संरक्षण आपोआप, कमाल 10 लाखांपर्यंत. पूर्वी घर अर्ध्या किमतीला उतरवलं असेल तर भरपाईही अर्धीच मिळायची. या पॉलिसीत ती कात्री नाही.

पॉलिसीवर आता तिघांची नावं आहेत. फॉर्मवरची रेघ एकच होती, म्हणून तिसरं नाव समासात गेलं. ते माझं!