दाखव बघू काय लिहिलंस!

आमच्याकडे शाळा घरातच भरते. बायको आणि मी मिळून लेकीला शिकवतो. गणित आणि मराठी लेखन ही माझी खाती. आता माझा आठवडाभराचा धंदा म्हणजे दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढणे. तीच सवय घरी आली. नऊ वर्षांच्या पोरीने मुंग्यांच्या वारुळावर पानभर लिहिलं आणि मी लाल पेन घेऊन बसलो. ऱ्हस्व-दीर्घ, पूर्णविराम, 'हे वाक्य आधी आलंय'. मोजून सतरा खुणा केल्या. पुढच्या शनिवारी तिने चार ओळी लिहून आणल्या. सगळे शब्द सोपे, चूक एकही नाही. आणि मुंगीही एकही नाही! आमच्या भाषेत सांगायचं तर बग शून्य, फीचर शून्य.

त्या रात्री कपाटातून जॉन स्टुअर्ट मिलचं आत्मचरित्र काढलं. घरी शिकवणाऱ्या आईबापांत गप्पा रंगल्या की हे नाव निघतंच. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन, बाराव्या वर्षी तर्कशास्त्र. ऐकणारा एकतर भारावतो, नाहीतर कानाला खडा लावतो. माझं दोन्ही करून झालंय. यावेळी मात्र मला एवढंच बघायचं होतं, की या पोराला लिहायला शिकवलं कसं?

मिलचा जन्म लंडनचा, २० मे १८०६ चा. नऊ भावंडांत थोरला. बाप जेम्स मिल हा स्कॉटलंडमधल्या एका जोडे शिवणाऱ्याचा मुलगा. पैसाअडका नाही, नियतकालिकांत लिहून पोट भरायचं. मुलाच्या जन्माच्या सुमारासच त्याने हिंदुस्थानचा इतिहास लिहायला घेतला. तो लिहीत असे त्याच टेबलावर पोरगा ग्रीकचा धडा घेऊन बसायचा. ग्रीक-इंग्रजी शब्दकोश तेव्हा नव्हते. ग्रीक शब्दाचा अर्थ लॅटिनमध्ये मिळायचा, आणि लॅटिन तर अजून शिकायचं होतं! त्यामुळे अडलेला प्रत्येक शब्द बापाला विचारायचा. मुळात तापट असलेला हा माणूस दर दोन मिनिटांनी लेखणी थांबवून अर्थ सांगायचा आणि पुन्हा लिहायला लागायचा. अशा अडथळ्यांत तो जाडजूड इतिहास १८१७ मध्ये पुरा झाला. शेवटची प्रुफं तपासताना हस्तलिखित मोठ्याने वाचून दाखवायला अकरा वर्षांचा जॉनच होता.

(थोडं विषयांतर. या जेम्स मिलने हिंदुस्थानात कधी पाऊल टाकलं नाही, इथली एकही भाषा त्याला येत नव्हती, आणि त्याने काही बिघडत नाही असं त्याने प्रस्तावनेतच ठासून सांगितलं. आपल्याला रानटी ठरवणारं हे पुस्तक पुढे कंपनीच्या हेलिबरी कॉलेजात साहेबांच्या पोरांना नेमलेलं असे. मुलाला 'स्वतः विचार कर' असं शिकवणाऱ्या बापाचं हे दुसरं रूप. असो.)

आता लिहिण्याकडे येतो. १८१० ते १८१३ हे कुटुंब न्यूइंग्टन ग्रीनला राहत होतं. ते तेव्हा जवळजवळ खेडंच होतं. बापाला तब्येतीसाठी चालावं लागे. न्याहारीआधी तो हॉर्नसीच्या बाजूला फिरायला निघायचा आणि मुलगा बरोबर. आदल्या दिवशी ह्यूम, गिबन, रॉबर्टसन असलं जे वाचलं असेल ते मुलाने चालता चालता सांगायचं. वाचतानाच तो कागदाच्या चिठ्ठ्यांवर टिपणं करून ठेवी आणि सकाळी त्या चिठ्ठ्या बघून बापाला गोष्ट सांगे. हे सक्तीचं नव्हतं, पोराची हौस होती, असं त्याने स्वतःच म्हटलंय. मध्येच बाप राज्यकारभार, नीती, सुधारणा यांवर काही समजावून सांगायचा आणि मग ते मुलाने आपल्या शब्दांत परत सांगायचं. म्हणजे सहा-सात वर्षांच्या पोराचा पहिला निबंध कागदावर नव्हताच. तो तोंडी होता, चालत्या पायांचा, आणि ऐकायला एक माणूस पूर्ण लक्ष देऊन हजर होता.

याच काळात जॉन आपण होऊन 'इतिहास' लिहू लागला. रोमचा, हॉलंडचा, प्राचीन जगाचा. मोठ्या लेखकांचं वाचून आपलं पुस्तक करायचं, लहान मुलं करतात तसं. वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी त्याने रोमच्या राज्यव्यवस्थेवर चांगलं पुस्तकभर लिहिलं. त्यात नुसत्या सनावळ्या नव्हत्या. जमिनीच्या वाटपाचे कायदे बरोबर होते असं लिव्हीच्या आधाराने मांडून त्याने लोकपक्षाची बाजू घेतली होती. म्हणजे पुढे ज्याची पुस्तकं आगरकरांनी आवडीने वाचली, त्या माणसाचा पहिला स्वतंत्र युक्तिवाद हा!

आणि बापाने यातलं काय तपासलं? काहीच नाही. त्याने उत्तेजन दिलं, पण 'दाखव बघू काय लिहिलंस' असं कधी म्हटलं नाही. मिलला हे शहाणपणाचं वाटतं. कुणाला हिशेब द्यायचा नव्हता, टीकेच्या नजरेखाली हात गारठत नव्हता, म्हणून लिहिणं झालं, अशा अर्थाचं तो लिहितो. इथे मी पुस्तक मिटलं आणि पाणी पिऊन आलो. माझ्या सतरा खुणा डोळ्यांपुढे नाचत होत्या.

पण थांबा, यावरून बाप मवाळ होता असं समजू नका. कविता लिहिणं सक्तीचं होतं आणि मिलला त्याचा मनस्वी कंटाळा. कारणही खास बापाचं. काही गोष्टी पद्यात जास्त जोरकस सांगता येतात, आणि लोक पद्याला अवास्तव किंमत देतात, तेव्हा ते जमलेलं बरं! पुढे १८१९ मध्ये, मुलगा तेरा वर्षांचा असताना, फिरायला जाताना अर्थशास्त्र सुरू झालं. रिकार्डोचे सिद्धांत बापाने सांगायचे आणि मुलाने दुसऱ्या दिवशी लिहून आणायचे. ते स्पष्ट, नेमके आणि बऱ्यापैकी पूर्ण होईपर्यंत पुन्हापुन्हा लिहायला लावायचा. हे टिपण बापाने १८२१ च्या आपल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकासाठी वापरलं. आमच्याकडच्या कोड रिव्ह्यूची तक्रार करणाऱ्यांनी हे वाचावं.

विचार करायला शिकवण्याची रीतही अशीच. जे डोकं चालवून सापडेल ते आधी सांगायचं नाही. मुलगा थकला की मग सांगायचं. एकदा जॉन सहज 'कल्पना' हा शब्द बोलून गेला. बापाने विचारलं, कल्पना म्हणजे काय? व्याख्या करता येईना, तर बाप चिडला. 'तत्त्वतः खरं, पण व्यवहारात नाही' असं म्हटल्यावर तर भलताच संतापला. आपल्याकडेही कुणी हे वाक्य मीटिंगमध्ये टाकलं की सगळे माना डोलावतात. खरं तर तिथेच थांबवून विचारायला हवं.

म्हणजे मिलांच्या घरात दोन वह्या होत्या. एक हाडापर्यंत सोलून तपासली जाणारी आणि दुसरी कुणीही न बघितलेली. पहिलीने नेमकेपणा दिला. पण तो ज्यासाठी वापरायचा ते स्वतःचं मत दुसरीत उगवलं. माझी चूक लाल पेनाची नव्हतीच. मी घरात एकच वही ठेवली होती.

इथे लेख संपवायला मला आवडलं असतं, पण मिलची गोष्ट इथे संपत नाही. १८२३ मध्ये, सतराव्या वर्षी, तो बापाच्याच हाताखाली ईस्ट इंडिया कंपनीत लागला आणि १८५८ पर्यंत तिथेच होता. मधेच, १८२६ च्या हिवाळ्याच्या तोंडावर, वीस वर्षांच्या या हुशार माणसाने स्वतःला विचारलं, की ज्या सुधारणांसाठी जगतोय त्या सगळ्या आज झाल्या तर मला आनंद होईल का? आतून उत्तर आलं, नाही. त्यानंतरचे महिने काळेकुट्ट गेले. हे सांगावं कुणाला? बाप तर शेवटचा माणूस. त्याला हे कळणारच नाही आणि आपलं शिक्षण फसलं एवढंच त्याला दुःख होईल, असं मुलाला वाटलं. शेवटी मार्मोंतेल नावाच्या फ्रेंच लेखकाच्या आठवणींत, बाप वारल्यावर मुलगा घर सावरायला उभा राहतो तो प्रसंग वाचताना त्याला रडू आलं, आणि तिथून तो हळूहळू वर आला.

सकाळी चिठ्ठ्या हातात घेऊन गिबनबद्दल सगळं सांगणारा मुलगा. त्याच मुलाला विसाव्या वर्षी, मला बरं वाटत नाहीये, एवढं त्याच बापाला सांगता आलं नाही. १८७३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या त्या आत्मचरित्रात आईचा तर जवळपास उल्लेखच नाही. बापाशी तो कृतज्ञ आहे, पण धाक इतका वाढू नये की माया आणि विश्वासाची वाटच बंद व्हावी, हे त्याने स्वच्छ लिहून ठेवलंय.

त्या बालपणीच्या वह्यांचं काय झालं? रोमवरचं ते लिखाण मिलने काही वर्षांनीच पोरकट म्हणून स्वतःच नष्ट केलं. पण निदान नष्ट करण्याचा हक्क त्याचा होता.

काल मी लेकीला दोन वह्या आणून दिल्या. निळी वही माझी, तीत लाल पेन चालेल. हिरवी तिची, ती मी उघडणार नाही. तिने विचारलं, "बाबा, हिरवीत चुका केल्या तरी चालतील?" म्हटलं, मला कळणारच नाही. आज सकाळी आम्ही टेकडीवर गेलो होतो. अर्धी चढण होईपर्यंत ती काहीच बोलली नाही, मीही विचारलं नाही. मग म्हणाली, "मुंग्यांचं अजून राहिलंय सांगायचं."

मी लक्ष देऊन ऐकलं. तिने 'वारुळ' ऱ्हस्व लिहिलंय की दीर्घ ते बोलण्यात कळत नाही, ते एक बरं आहे.