आजीचा थरथरणारा हात
आपल्या वसईच्या वाडीतल्या एखाद्या आजीचा हात नुसता मांडीवर टेकलेला असतानाही थरथरतो. आपण म्हणतो, ‘वय झालं.’ पण १८१७ साली लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी लिहून ठेवलं, की हा आजार आहे. पुढे त्याला त्यांचंच नाव पडलं.

१९८७ साली फ्रान्समधले मेंदूचे सर्जन डॉ. बेनाबिद ऑपरेशन करताना मेंदूतली नेमकी जागा सौम्य विजेनं तपासत होते. विजेचे ठोके भराभर दिले आणि रुग्णाचा कंप थांबला! त्यातूनच मेंदूत बारीक तार आणि छातीच्या कातडीखाली बॅटरी बसवायची पद्धत आली. मुंबईत जसलोक रुग्णालयाचे डॉ. परेश दोशी ती अनेक वर्षं करत आले आहेत.

आजार मुळातून जात नाही, पण कंप आवरतो. ऑपरेशन सगळ्यांना लागत नाही. आधी गोळ्या असतात. म्हणून ‘वय झालं’ म्हणू नका, आजीला डॉक्टरांकडे न्या.