विम्याआधींचा प्रश्न

आरोग्याचा विमा उतरवितांना दोन प्रश्न पुढें येतात. घेणाऱ्याच्या घरांत कोणकोणत्या आजारांचें भय आहे, हा एक; आणि त्यापायीं देणाऱ्याच्या तिजोरीवर किती भार पडेल, हा दुसरा. दिसावयास दोन्ही सारखेच. मुंबईच्या कामगारांच्या विम्याचा इतिहास मात्र या दोहोंच्या ओढाताणीनें भरलेला आहे.

जर्मनींत १८८३ मध्यें व इंग्लंडांत १९११ मध्यें आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला. आपल्याकडे १९३१ सालीं व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील मजूर कमिशननें आधीं आजाराचे आंकडे जमवावे, असें सुचविलें. सल्ला रास्त होता. पण आंकडे जमणार कोठून? दुखणें घेऊन कोंकणांतील गांवीं परतलेला मजूर कशानें आजारी पडला, बरा झाला कीं नाहीं, हें गिरणीच्या हजेरीपटावरून कसें कळावें? हजेरीपट गैरहजेरी सांगतो, रोग सांगत नाहीं. जें मोजलेंच जात नव्हतें त्याची वाट पाहण्यांत एक तप सरलें.

मार्च १९४३ मध्यें अलाहाबाद विश्वविद्यालयांतील अर्थशास्त्रज्ञ प्रो. बी. पी. आदरकर यांजकडे योजनेचें काम सोंपविण्यांत आलें. मजूर खातें त्यावेळीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या हातीं होतें. कापड, यंत्रकाम आणि खनिज-धातु या तीन धंद्यांपुरती योजना आंखून आदरकरांनीं ऑगस्ट १९४४ मध्यें अहवाल सादर केला. परिपूर्ण आंकड्यांसाठीं ते अडून बसले नाहींत, हा त्यांचा मोठा गुण मानला पाहिजे. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या तज्ज्ञांनीं ती योजना तपासून तिची व्याप्ति वाढविण्याची शिफारस केली, आणि १९४८ च्या कायद्यानें आजारपण, बाळंतपण व कामावरील इजा हीं तिन्ही संकटें एका छत्राखालीं आणलीं. कानपूर व दिल्ली येथें २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं आरंभ झाला. मुंबईची पाळी १९५४ मध्यें आली.

मुंबईंत सरकारी दवाखान्यांवरच विसंबून न राहतां खाजगी डॉक्टरांच्या याद्या करण्यांत आल्या. कामगारानें यादींतून आपला डॉक्टर निवडावा. ही व्यवस्था शहाणपणाची होती. कारण चाळींतील ओल, गिरणींतील कापसाची धूळ आणि रात्रपाळीचें जागरण यांचा हिशेब त्या वस्तींतल्या डॉक्टराइतका कोणाला ठाऊक असणार? परंतु उणीव मोठी राहिली. प्रारंभीं औषधोपचार फक्त कामगाराला मिळे. त्याची बायको तापानें फणफणली तर खर्च त्याच्याच खिशांतून. घराची गरज पाहावयाची सोडून कारखान्यांतील एक माणूस तेवढा पाहिला गेला! कुटुंबियांना उपचार मिळूं लागले ते पुढें, क्रमाक्रमानें.

तोंवर कारखाने उत्तरेकडे सरकूं लागले होते. बृहन्मुंबईची हद्द १९५७ मध्यें दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली. मुलुंड, कांदिवली व अंधेरी येथें या योजनेचीं रुग्णालयें उभीं राहिलीं. कामगारांच्या वस्तीजवळ खाटा असणें हीहि गरजेचीच ओळख होय.

मूळ कायद्यांत महिना ४०० रुपयांपर्यंत पगार असलेला कारखान्यांतील नोकर बसत होता. घाटकोपरचा दुकानदार किंवा बोरिवलीचा शिक्षक त्यांत नव्हता. सरकारी विमाकंपन्यांची मेडिक्लेम योजना १९८६ मध्यें आली, तेव्हां अशा घरांना वाट मिळाली. पण तिचा अर्ज वय आणि जुने विकार विचारी तो आपला धोका जोखण्यासाठीं. आधींपासूनचा आजार आढळला कीं तोच वगळला जाई. म्हणजे ज्याला मधुमेह आहे त्याला मधुमेहाखेरीज सर्व कांहीं! २०२४ मध्यें नियामक संस्थेनें अशा आजारासाठीं थांबावयाची कमाल मुदत चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली. घरीं येणाऱ्या प्रतिनिधीनें हप्त्याचा आंकडा सांगण्यापूर्वीं वडील माणसें किती, कोणतीं औषधें रोज चालू आहेत, सुनेचें बाळंतपण जवळ आलें आहे काय आणि रात्रीं धांवावें असें रुग्णालय कोणतें, एवढें तरी विचारावें. आणि त्यानें न विचारलें तर घरच्यांनींच तें त्याच्यापुढें मांडावें.